वेबपेजची पहिली ओळ आणि एक जुनी तडजोड

कम्प्युटरवर कुठलंही वेबपेज उघडा आणि राइट क्लिक करून त्याचा सोर्स बघा. पहिल्याच ओळीत बहुतेक वेळा 'डॉकटाइप एचटीएमएल' असं दिसेल. ही ओळ स्क्रीनवर काहीच दाखवत नाही. मग ती आहे कशाला? तर ती एका जुन्या तडजोडीची खूण आहे. आजचा एपिसोड त्यावरच.

डिसेंबर १९९६मध्ये सीएसएसचे पहिले अधिकृत नियम आले. त्यानुसार बॉक्सची रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. पॅडिंग आणि बॉर्डर वेगळी मोजायची. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर मात्र सगळं रुंदीतच धरायचा. समजा बॉक्स २०० पिक्सेलचा आणि दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग. नियमाने तो २४० पिक्सेल जागा घेणार, एक्सप्लोररमध्ये २००च. कोड एकच, पण पान दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं!

बरं, एक्सप्लोरर सुधारावा, तर त्याच्या सवयीवर बेतलेली जुनी पानं मोडणार. न सुधारावा, तर नियमाने लिहिणाऱ्यांचे हाल. यावर टॉड फार्नर यांनी एक युक्ती सुचवली होती, आणि मार्च २०००मध्ये मॅकवरच्या एक्सप्लोरर ५मध्ये तंतेक चेलिक यांच्या टीमने ती आणली. वर नीट डॉकटाइप असेल तर पान नियमाने दाखवायचं, नसेल तर जुन्या सवयीने. पुढे मोझिला आणि एक्सप्लोरर ६नेही हेच केलं. जुनं मोडलं नाही, आणि नवं स्वच्छ लिहायची सोय झाली.

पण २००१मध्ये आलेला एक्सप्लोरर ६ तिथेच थांबला. पुढची आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. तोवर कितीतरी ऑफिसांची आतली सॉफ्टवेअरं त्याच्यावर बांधली गेली होती, त्यामुळे तो काढताही येईना. मग डेव्हलपर कंडिशनल कॉमेंट वापरायचे. इतर ब्राउझरना ती साधी कॉमेंट वाटायची, एक्सप्लोरर मात्र ती वाचून वेगळी सीएसएस फाइल उघडायचा. मुख्य कोड स्वच्छ, ठिगळं सगळी बाजूच्या फाइलमध्ये.

विचार करणाऱ्यांतही दोन बाजू होत्या. २००१मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टने मोहीम काढली: लोकांनाच ब्राउझर बदलायला सांगा. २००३मध्ये स्टीव्ह चॅम्पियन आणि निक फिंक यांनी उलट बाजूने मांडणी केली: आधी मजकूर सगळ्यांना मिळू दे, मग ज्याचा ब्राउझर जेवढं पेलेल तेवढी सजावट त्यावर चढवा. यालाच प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट म्हणतात.

आता गंमत बघा. २००९मध्ये यूट्यूबवर एक पट्टी झळकली: एक्सप्लोरर ६चा सपोर्ट लवकरच बंद होणार. ती लावणाऱ्या टीममधले ख्रिस झकारियास यांनी ही हकिकत पुढे स्वतःच लिहिली. पण त्याच झकारियास यांचा दुसरा किस्सा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सव्वा एमबीच्या आसपास असलेलं व्हिडिओचं पान त्यांनी १०० केबीच्या आत आणलं. आणि पान उघडायला लागणारा सरासरी वेळ चक्क वाढला! कारण? आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सायबेरिया इथल्या ज्या लोकांच्या स्लो नेटवर हे पान आधी उघडतच नव्हतं, ते आता दोन मिनिटं थांबून का होईना, व्हिडिओ बघू लागले होते.

म्हणून 'जुन्या ब्राउझरवर आपले युजरच किती आहेत?' हा प्रश्न जरा फसवा आहे. आकड्यांत येतात ते पोचलेले लोक. जे दारातूनच परत गेले ते कुठून दिसणार? आणि जुना ब्राउझर हौसेने कोण वापरतं? कुणाचा कम्प्युटर ऑफिसच्या ताब्यात असतो, कुणाचा फोन साधा असतो. आपल्याकडे २०१७मध्ये आलेल्या जिओफोनमधला काईओएससुद्धा फायरफॉक्सच्या जुन्या इंजिनावरच चालायचा.

जाता जाता एक गोष्ट. एक्सप्लोररची ती 'चुकीची' मोजणी आज 'बॉर्डर-बॉक्स' या नावाने सीएसएसमध्ये आहे, आणि बहुतेक डेव्हलपर आपणहून तीच वापरतात. तेव्हा जुनं म्हणजे टाकाऊच, असं एवढ्या घाईने ठरवू नका. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!