मोडीत काढलेला बुधवार

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी ड्रेस्डेन आणि लाइपझिगमध्ये सुट्टी असते. दोन तासांवरच्या बर्लिनमध्ये मात्र त्याच दिवशी दुकाने, कचेऱ्या, कारखाने, सगळे सुरू. हा प्रॉटेस्टंटांचा पश्चात्तापाचा आणि प्रार्थनेचा वार. १९९४ पर्यंत तो साऱ्या जर्मनीत सुट्टीचा होता. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या सेवेचा खर्च भागवण्यासाठी तो मोडीत निघाला.

विम्याच्या बाबतीत जर्मनी तसा जुना खेळाडू. बिस्मार्कच्या काळात आजारपणाचा विमा आला (१८८३), पाठोपाठ अपघाताचा आणि वार्धक्याचा. बेकारीचा १९२७ साली. तरी एक भोक राहिलेच. डॉक्टर लागला तर विमा पैसे देई. पण अंघोळ घालायला, कपडे चढवायला, घास भरवायला रोज माणूस लागला, तर तो खर्च ज्याचा त्याने पाहायचा. शुश्रूषागृहाचे बिल पेन्शनमध्ये बसत नसे. आधी गाठीची पुंजी संपे, मग सरकारी साहाय्याचे दार ठोठावावे लागे, आणि ते खाते पुढे मुलांकडे वसुलीला जाऊ शके. जन्मभर राबलेल्या माणसाच्या हाती उरे तो हातखर्च.

वीस वर्षे यावर नुसती चर्चा चालली. अखेर चान्सेलर हेल्मुट कोल यांचे कामगारमंत्री नॉर्बर्ट ब्लूम यांनी प्रकरण धसाला लावले. अशा सेवेसाठीही विमा ठरला. हप्ता निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा. मालक अडून बसले: आमचा वाटा भरून कोण देणार? तोडगा असा निघाला की, कामगारांनी वर्षातला एक दिवस जास्त काम करावे. बळी द्यायला रविवारी येणारा सण चालत नाही, म्हणून हा बुधवार सापडला. चर्चने कुरकूर केली. ती करणे भागच होते!

१ जानेवारी १९९५ पासून पगाराचा १ टक्का कापला जाऊ लागला. एप्रिलपासून घरच्या सेवेसाठी पैसे मिळू लागले, जुलै १९९६ पासून शुश्रूषागृहासाठी, आणि हप्ता १.७ टक्क्यांवर गेला. यातली शहाणपणाची गोष्ट अशी की, सासऱ्याचे करणाऱ्या सुनेलाही हिशेबात धरले गेले: घरच्यांनीच सेवा केली तर गरजेनुसार महिना ४००, ८०० किंवा १३०० मार्क रोख. बहुतेक कुटुंबांनी हाच पर्याय पत्करला. मात्र हा विमा पहिल्यापासून अर्धामुर्धाच. शुश्रूषागृहातल्या माणसाला आजही महिन्याला २००० युरोंहून अधिक पदरचे घालावे लागतात.

ड्रेस्डेन-लाइपझिगच्या सॅक्सनी राज्याने तेवढी सुट्टी सोडली नाही. तिथल्या मालकांना मग पहिल्या टप्प्यात एक पैही भरावी लागली नाही. तो १ टक्का सगळा कामगारांच्या माथी आला. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये सुट्टी परत आणण्यासाठी १९९७ साली जनमत घेतले गेले. कौल बाजूने पडला, पण मतदारच पुरेसे आले नाहीत. बव्हेरियात त्या दिवशी शाळा बंद आणि आईबापांना कामावर हजर व्हायचे, असा मजेशीर प्रकार अजून चालतो.

२०२५ साली मूळ हप्ता ३.६ टक्क्यांवर पोचला. इतर राज्यांत त्यातले १.८ टक्के कामगाराचे, सॅक्सनीत २.३. त्या बुधवारची किंमत तिथे पगाराच्या पावतीवर दर महिन्याला अशी छापून येते.