मालवणचे स्कूबा डायव्हिंग
पाठीवरच्या टाकीतील दाबाखालची हवा श्वासासाठी घेत समुद्रतळ पाहण्याचा जलक्रीडाप्रकार. महाराष्ट्रात त्याचे प्रमुख केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या भोवतीच्या उथळ, खडकाळ पाण्यात प्रवाळ आढळतात. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाला. दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबावी लागते, तेव्हा कानातले दडे सुटतात. श्वास मात्र कधीही रोखू नये. अंदमान-लक्षद्वीपइतके पाणी येथे नितळ नसते, तरी किनाऱ्याच्या इतक्या जवळ प्रवाळ असणे हेच मालवणचे वैभव. पर्यटकांचे पाय आणि होड्यांचे नांगर त्याच्याच मुळावर येतात. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते.