ख्रिसमसची भेट, उडालेलं लाकूड आणि एक निकाल

गोष्ट १९५५ सालची, कॅलिफोर्नियातली. ग्रीनमन नावाच्या एका गृहस्थांनी दुकानात 'शॉपस्मिथ' नावाच्या मशीनचं प्रात्यक्षिक पाहिलं. एकाच मशीनवर करवत, ड्रिल आणि लाकडाचं लेथ! कंपनीचं माहितीपत्रकही त्यांनी नीट वाचलं. घरच्या वर्कशॉपसाठी हे मशीन पाहिजेच असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्या ख्रिसमसला बायकोने ते त्यांना भेट दिलं. १९५७ मध्ये त्यांनी लेथसाठी लागणारे जोडभाग विकत घेतले आणि लाकडाच्या एका मोठ्या ठोकळ्यातून चषक घडवायला घेतला. त्या ठोकळ्यावर आधी काही वेळा काम झालं होतं, काही त्रास नव्हता. मग एकदा तो ठोकळा मशीनमधून सुटला आणि थेट कपाळावर येऊन आदळला. जबर जखम झाली.

मंडळी, पॉवर टूलमुळे हातपाय गमावलेला ग्राहक आज अमेरिकेत कंपनीविरुद्ध कोर्टात जातो तेव्हा तो या गृहस्थांनी उघडलेल्या दारातून आत शिरतो. तेव्हा हे दार आधी किती घट्ट बंद होतं ते बघू.

१८४२ साली इंग्लंडमध्ये एक खटला झाला, विंटरबॉटम विरुद्ध राइट. टपालगाडी मोडून गाडीवान जायबंदी झाला. गाडी पुरवणाऱ्याचा करार होता टपालखात्याशी, गाडीवानाशी नव्हता. कोर्ट म्हणालं, करार नाही तर दावा नाही. संपलं! हा नियम अमेरिकेतही मुरला. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ब्युइक गाडीच्या मोडक्या लाकडी चाकाच्या खटल्यात त्याला मोठं भगदाड पाडलं. कंपनीने निष्काळजीपणा केला असेल तर करार नसला तरी ती जबाबदार, असं त्यांनी ठरवलं. पण निष्काळजीपणा सिद्ध कोणी करायचा? जखमी माणसाने. कारखान्यात आत काय झालं हे त्याला कुठून कळणार?

दुसरा रस्ता वॉरंटीचा. तुम्ही छापलंत की मशीन भक्कम आहे, ते निघालं कच्चं, म्हणजे वचन मोडलं. ग्रीनमन यांनी दोन्ही मुद्दे मांडले. त्यांच्या तज्ज्ञांनी सांगितलं की मशीनचे भाग धरून ठेवणारे सेट स्क्रू अपुरे होते. नेहमीच्या थरथरीने टेलस्टॉक लाकडापासून मागे सरकायचा आणि मग लाकूड सुटायचं. याहून पक्की पकड देणाऱ्या पद्धती उपलब्ध होत्या. ज्युरीने दुकानदाराला सोडलं आणि उत्पादक कंपनीविरुद्ध ६५,००० डॉलरची भरपाई दिली.

कंपनी अपिलात गेली. मुद्दा तांत्रिक, पण खमंग. वॉरंटी मोडल्याची नोटीस वाजवी मुदतीत द्यायला हवी, यांनी दिली साडेदहा महिन्यांनी! म्हणजे कपाळ फुटलेल्या माणसाने आधी व्यापारी पत्रव्यवहाराचे नियम वाचायचे..

२४ जानेवारी १९६३ ला कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, लिहिला होता न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी. यांचं घोडं जुनं होतं. १९४४ साली कोका-कोलाची बाटली फुटून एका वेट्रेसचा हात जखमी झाला होता, त्या खटल्यात त्यांनी हेच मत मांडलं होतं, पण ते एकटेच होते. आता सगळं कोर्ट त्यांच्या बाजूने होतं. निकालाचं सार असं: सदोष वस्तू बाजारात आणली आणि तिने माणसाला इजा केली, तर उत्पादक जबाबदार. नोटीस कधी दिली, पत्रक वाचलं होतं का, हे प्रश्न इथे आड येत नाहीत. हा करारातल्या वचनाचा मामला नाही. इजेचा खर्च वस्तू बाजारात आणणाऱ्याने सोसावा, स्वतःला वाचवण्याचा मार्ग नसलेल्या जखमी माणसाने नव्हे. १९६५ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने हेच तत्त्व आपल्या संहितेत घेतलं आणि मग ते राज्याराज्यांत पसरलं.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की जबाबदारी कागदावरून उठून वस्तूला जाऊन चिकटली.

आता रिकॉलकडे येऊ, कारण इथे लोकांचा हमखास गोंधळ होतो. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आला. नोव्हेंबर २००० मध्ये या आयोगाने आणि एमर्सन कंपनीने 'क्राफ्ट्समन' ब्रँडच्या सुमारे ३७ लाख रेडियल आर्म सॉ परत बोलावल्या. या करवती १९५८ ते १९९२ दरम्यान विकलेल्या, आणि पातं पूर्ण झाकणारा गार्डच नाही! उपाय काय, तर फुकट गार्ड, आणि ज्यांना तो बसत नाही त्यांनी मशीनचा मुख्य भाग परत पाठवला की १०० डॉलर.

म्हणजे रिकॉल पुढच्या माणसाची बोटं वाचवतो. ज्याची आधीच गेली त्याला त्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी कोर्टच, आणि मुद्दे तेच तीन: निष्काळजीपणा, वॉरंटी, आणि १९६३ नंतरची सदोष वस्तूची थेट जबाबदारी. सरकारी मानक पाळलं होतं एवढं सांगून कंपनी सुटत नाही, हे १९७२ च्या कायद्यातच लिहिलंय. उलट बाजूही आहे. ग्राहकाने स्वतःच गार्ड काढून ठेवला असेल तर भरपाई कमी होऊ शकते. आणि काही राज्यांत वस्तू विकल्यापासून ठराविक वर्षं उलटली की दावाच संपतो, टेनेसीत ही मर्यादा १० वर्षांची. १९६० ची करवत, २००० चा रिकॉल, करा हिशोब! आणि एक व्यावहारिक मुद्दा: मशीन हाच पुरावा. इजा झाली असेल तर १०० डॉलरसाठी ते परत पाठवण्याआधी वकील गाठलेला बरा.

आपल्याकडे? १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होताच, पण उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आलं २०१९ च्या कायद्यात, तो २०२० मध्ये लागू झाला. सदोष रचना, सदोष निर्मिती, अपुऱ्या सूचना, यांपैकी कशानेही इजा झाली तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते. आपण स्पष्ट वॉरंटी देताना निष्काळजी नव्हतो असं सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच, त्यामुळे बायकोने दिलेल्या भेटीचा प्रश्न मिटला :-) स्वतःच्या पोटापाण्यासाठी ग्राइंडर घेणारा सुतारही ग्राहक धरला जातो. तक्रारीला मुदत दोन वर्षं. धोकादायक वस्तू परत बोलावण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं. तेव्हा बिल जपून ठेवा, मशीन टाकून देऊ नका, फोटो आणि डॉक्टरचे कागद लगेच गोळा करा.

जाता जाता आपल्या धंद्याबद्दल. आपण सॉफ्टवेअरवाले अजूनही लायसन्समध्ये बिनधास्त लिहितो, 'आहे तसं घ्या, जबाबदारी आमची नाही'. म्हणजे आपण अजून १९६३ च्या अलीकडेच! पण युरोपियन युनियनने २०२४ च्या नव्या निर्देशात सॉफ्टवेअरलाही 'उत्पादन' धरलंय आणि सदस्य देशांना आपले कायदे बदलायला ९ डिसेंबर २०२६ ची मुदत दिली. पुढच्या वेळी 'नंतर बघू' म्हणून एखादा बग बाजूला सारताना तो सरकणारा टेलस्टॉक जरूर आठवा.