लहान खाजगी विमानांचे अवतरण-अपघात : दोष वैमानिकाचा की रचनेचा ?

विमानविद्येच्या इतिहासात दीर्घ पल्ल्याचे विक्रम आणि युद्धातील पराक्रम ह्यांना मानाचे स्थान मिळते. हौशी वैमानिकाचे लहान विमान धावपट्टीजवळ येऊन कोसळले, तर ती घटना केवळ नोंदवहीत राहते. वस्तुतः यंत्र आणि मनुष्य ह्यांच्यातील जबाबदारीची वाटणी कशी बदलत गेली, हे समजण्यास असे सामान्य अपघातच अधिक उपयोगी पडतात. अमेरिकेत १९२७ पासून सुमारे तीस वर्षे ह्या प्रश्नाचा जो ऊहापोह झाला, तो ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

अवतरणाच्या वेळी विमान ताब्याबाहेर जाण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला जमिनीवरचा. जुन्या विमानांना दोन मुख्य चाके पुढे व एक लहान चाक शेपटीखाली असे. त्यामुळे विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडे. भूमिस्पर्शानंतर विमान किंचित तिरपे झाले की मागचा भार पुढे जाऊ पाही, तिरपेपणा वाढत जाई आणि विमान गर्रकन फिरून पंखाचे टोक जमिनीस घासे. दुसरा प्रकार हवेतला व अधिक घातक. पंखाचा समोरून येणाऱ्या वाऱ्याशी होणारा कोन मर्यादेबाहेर गेला की पंखाची उचल एकाएकी घटते. ह्यासच ‘स्टॉल’ म्हणतात. एक पंख दुसऱ्याच्या आधी ह्या अवस्थेत गेला, तर विमान गिरक्या घेत खाली येते.

ही आपत्ती विशेषतः धावपट्टीकडे वळण्याच्या अखेरच्या वळणावर ओढवते. वळण चुकून विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाऊ लागले की वैमानिक सुकाणू दाबून नाक आत ओढतो, पंख फार कलू नये म्हणून उलट दिशेने दांडा धरतो आणि नाक खाली जाऊ लागताच दांडा मागे खेचतो. ह्यांपैकी प्रत्येक हालचाल भयापोटी स्वाभाविक असली, तरी तिन्ही मिळून गिरकीस आमंत्रण देतात. त्यातच वळणामुळे पंखांवरील भार वाढतो : समउंचीवर ६० अंश कललेल्या विमानाचा स्टॉलवेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. उंची मात्र काही शे फूटच उरलेली असल्याने सावरण्यास अवकाश मिळत नाही.

अशा अपघातांवर ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारणे सोपे होते. ह्या निर्णयास पहिले मोठे आव्हान १९२७ साली जाहीर झालेल्या गुगेनहाइम सुरक्षित विमान स्पर्धेने दिले. १,००,००० डॉलरांचे पारितोषिक कर्टिस टॅनेजर ह्या विमानास मिळाले. पंखाच्या पुढील कडेस आपोआप उघडणाऱ्या फटी हे त्याचे वैशिष्ट्य. तथापि ते बाजारात कधीच आले नाही.

ह्याहून मूलगामी विचार फ्रेड वाइक ह्या अभियंत्याने केला. लँग्ली येथील शासकीय संशोधनशाळेतील सहकाऱ्यांसह त्याने फावल्या वेळात डब्ल्यू-१ हे विमान १९३४ साली सिद्ध केले. त्यातूनच पुढे १९३७ मध्ये एरकूप अवतरले. नाकाखाली चाक ठेवून त्याने गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आणला. त्यामुळे तिरपे उतरलेले विमान आपोआप सरळ होई. सुकाणूची पेडलेच त्याने काढून टाकली आणि नाक वर उचलण्याची क्षमता मर्यादित केली. हे विमान स्वभावतःच गिरकी घेण्यास असमर्थ आहे, असे अधिकृत प्रमाणपत्रात नमूद झाले. १९४६ साली अशी ४,००० हून अधिक विमाने तयार झाली. परंतु गिरकी टळली तरी धोका संपूर्ण टळला नाही : वेग फार कमी ठेवल्यास एरकूप सपाट स्थितीतच झपाट्याने खाली बसे. शिवाय जुन्या पद्धतीत तयार झालेल्या वैमानिकांना पेडलांची उणीव खटके. पुढील उत्पादकांनी ती परत आणली.

दुसरी वाट शिक्षणाची. वुल्फगांग लांगेवीशे ह्याच्या ‘स्टिक अँड रडर’ (१९४४) ह्या ग्रंथाने वेगापेक्षा पंखाच्या कोनाकडे लक्ष वेधले. १९४९ साली अमेरिकी नागरी विमानवाहतूक प्रशासनाने खाजगी परवान्यासाठी गिरकीचे प्रात्यक्षिक अनिवार्य ठेवणे बंद केले आणि स्टॉल ओळखणे व टाळणे ह्यांवर भर दिला. उंचावर गिरकीतून सुटण्याचे कौशल्य अखेरच्या वळणावर निरुपयोगी ठरते, हा ह्यामागील तर्क सयुक्तिकच होता. ह्याच सुमारास स्टॉलची पूर्वसूचना देणारी साधनेही प्रचारात आली.

१९५६ साली विक्रीस आलेल्या सेस्ना १७२ ने नाकाखालचे चाक सर्वमान्य केले. पेडले मात्र कायम ठेवली. जमिनीवरची गिरकी त्यामुळे विरळ झाली. तथापि अतिवेगाने येऊन नाकाच्या चाकावरच उतरणे, आडव्या वाऱ्यात दिशा सुटणे व अखेरच्या वळणावरील स्टॉल हे धोके उरलेच.

सारांश, रचनेने एक दार बंद केले की अपघात दुसऱ्या दाराने आत शिरला. म्हणून वैमानिक निर्दोष ठरत नाही, पण दोष केवळ त्याचाच असेही म्हणता येत नाही. ‘चूक कोणाची’ ह्या प्रश्नापाशी न थांबता ‘ही चूक इतकी सहज का घडते’ असे विचारले जाऊ लागले, हीच ह्या तीस वर्षांची खरी मिळकत होय.