आडनावाचा वंशशोध (नवी मुंबई)
एखाद्या आडनावाच्या कुटुंबाची पिढीवार परंपरा कागदपत्रांवरून ठरविण्याचे काम. शासनाने १९७० पासून ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादित केल्या (→ सिडको). पुढे मोबदला आणि साडेबारा टक्के योजनेतील भूखंड यांसाठी मूळ खातेदाराशी नाते सिद्ध करावे लागल्याने आगरी-कोळी कुटुंबांत हा शोध वाढला (→ आगरी, कोळी).

म्हात्रे, भोईर, घरत, ठाकूर, पाटील ही येथील प्रचलित आडनावे. ‘म्हात्रे’चा संबंध सामान्यतः संस्कृत ‘महत्तर’शी जोडतात. ‘पाटील’ मुळात वतनाचे नाव; त्यामुळे एकाच गावातील सर्व पाटील एका कुळाचे असतीलच असे नाही, आणि केवळ आडनावावरून वंश जोडणे फसवे ठरते. म्हणून आधी घर, पाडा व कुलदैवत पाहावे.

मुख्य साधन फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा. त्यात खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लागतात. सोबत सातबारा, जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा आणि शाळेचे जनरल रजिस्टर तपासतात. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या अनेक पिढ्या आढळतात (→ कुलवृत्तांत). लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा माग मात्र अनेकदा तुटतो. त्यासाठी वृद्ध आत्यांची आठवणच उपयोगी पडते, आणि ती वेळेत टिपून ठेवणे निकडीचे आहे.

वारस नोंद व जातपडताळणी या दोन्ही कामांत अशी वंशावळ मागितली जाते.