मावळांतील हिवाळी मुक्काम

मार्गशीर्ष लागला आणि सकाळच्या वाऱ्याला धार आली, कीं माझ्या दारीं एक ठराविक मंडळी येऊं लागते. हीं बहुधा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचीं मुलें व त्यांचे स्नेही असतात. त्यांच्या हातीं एक यादी असते. "गुरुजी, लोणावळ्याकडे दोन रात्रींचा मुक्काम करावयाचा आहे. आम्ही पंचवीस जण आहोंत. यादींत कांहीं राहिलें असेल तर सांगा." यादींत तंबू असतात, पांघरुणें असतात, विजेऱ्या, बटाटे, अंडीं, फार काय, गाणीं वाजविण्याचें यंत्रही असतें. नसतें तें एकच. ज्या गांवच्या शिवारांत हे पंचवीस जण दोन रात्री राहणार, त्या गांवाचें नांव. मी यादी बाजूस ठेवतों आणि म्हणतों, "बसा. आधीं याच मुलखांतल्या एका फसलेल्या हिवाळी मुक्कामाची हकीकत ऐका." तीच हकीकत आज आपणांपुढें ठेवावी असा माझा विचार आहे.

सन १७७८ च्या नोव्हेंबरांत मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांस पुण्याच्या कारभारावर बसविण्यासाठीं निघाली. लढाऊ लोक सुमारें ३,९०० होते आणि त्यांच्याबरोबर ओढीचे व ओझ्याचे बैल १९,००० होते. म्हणजे माणशीं जवळ जवळ पांच बैल! सरंजामाची यादी म्हणून पाहिलें, तर तींत उणें काढावयास फारशी जागा नव्हती. परंतु पनवेलीहून वर येतांना बोरघाट आडवा होता. आज आपण ज्या सडकेनें जातों तिचा पूर्वज असलेला गाडीरस्ता माल्कमसाहेबांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३० त खुला झाला. आगगाडी घाट चढली ती १८६३ त. या फौजेला तोफांसाठीं वाट फोडीत फोडीतच वर यावें लागलें. कप्तान स्टुअर्ट याची आघाडीची तुकडी नोव्हेंबरअखेर खंडाळ्यास येऊन बसली. पण मुख्य फौज घाटमाथ्यावर जमावयास डिसेंबरचा उत्तरार्ध उजाडला.

आतां या मुक्कामाची व्यवस्था कोणाच्या हातीं होती तें पहा. सेनापति कर्नल एगर्टन प्रकृतीनें खचलेला. त्याच्यावर देखरेखीस कार्नाक आदिकरून मुलकी गृहस्थांची एक समिती. हुकूम एकानें द्यावा आणि दुसऱ्यानें त्यावर वाद घालावा, असा प्रकार. त्या समितींतील मॉस्टिन हा पूर्वीं पुणें दरबारीं वकील म्हणून राहिलेला. या लोकांची व मुलखाची माहिती असलेला असा तोच. तो आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजीं वारला. ज्याला गांवांचीं नांवें ठाऊक होतीं तो माणूसच यादींतून गळाला!

फौज घाटमाथ्यावरून पुढें सरकूं लागली ती दिवसाला दोन मैलांहूनही कमी चालीनें. खंडाळ्याहून कार्ल्यास आपण तीन तासांत पायीं जाऊं. तिला दहा-अकरा दिवस लागले. कार्ल्याजवळ ४ जानेवारीस कप्तान स्टुअर्ट तोफेचा गोळा लागून पडला. 'इष्टुर फांकडा' या नांवानें मराठी लोकांनीं ज्याची आठवण राखली तो हाच. शत्रूच्या शौर्याला फांकडेपणाची पदवी देण्याइतकें मन आपल्या पूर्वजांचें मोठें होतें, हें येथें नमूद करण्यासारखें आहे.

मराठ्यांकडे महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके होते. तोफखाना भिवराव पानशांकडे होता. आणि मागें नाना फडणिसांची करडी नजर होती. त्यांनीं एकदम मोठी लढाई दिली नाहीं. वैरण जाळली, रसद अडविली आणि फौजेच्या वाटेवरचीं गांवें मोकळीं केलीं. ९ जानेवारीस इंग्रज तळेगांवास पोंचले, तों पुढें जळालेलें, ओसाड गांव! चिंचवडाची आणि खुद्द पुण्याचीही हीच गत केली जाणार, अशी वार्ता कानीं आली. पुणें तेथून अवघें अठरा मैल उरलें होतें आणि शिधाही सुमारें अठरा दिवसांचा शिल्लक होता. तेव्हां फौज परतली ती शिधा संपला म्हणून नव्हे, तर पुढें कोणी कांहीं देणार नाहीं, हें कळून चुकलें म्हणून. ११ जानेवारीच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत लोटल्या, सामान जाळलें आणि गुपचूप पाय काढला. पण गुप्तता कसली! पहांटेपूर्वींच मराठ्यांनीं गांठलें. पिछाडीस कप्तान हार्टले यानें निकरानें तोंड दिलें, तरी वडगांवांत ती फौज कोंडली गेली आणि त्याच आठवड्यांत तिला वडगांवचा तह करावा लागला. रघुनाथरावांस स्वाधीन करण्याचें व साष्टी परत देण्याचें त्यांत कबूल करावें लागलें. तो तह मुंबईकरांनीं व कलकत्त्याच्या हेस्टिंग्जनें पुढें मानला नाहीं, ही गोष्ट वेगळी.

मुलांना मी विचारतों, "या फौजेला काय कमी पडलें?" कोणी म्हणतो शौर्य, कोणी म्हणतो तोफा. यांपैकीं कांहींच कमी नव्हतें. कमी होता तो मुलूख. मावळ त्यांच्या पायांखालीं होता, त्यांच्या बाजूला नव्हता. आणि विजयाच्या अभिमानांत आणखी एक गोष्ट विसरूं नये. तळेगांव जळालें तें ऐन पौषाच्या थंडींत. ज्यांचीं घरें गेलीं त्या कुणब्यांनीं, त्यांच्या लेंकुरवाळ्या बायकांनीं त्या रात्री कोणत्या झाडाखालीं काढल्या असतील? इतिहासाच्या पुस्तकांत तहाचीं कलमें असतात. हा मुक्काम त्यांत नसतो.

आतां याच्या उलट, साधलेला मुक्काम कसा असतो तें पाहूं. त्यासाठीं दूर जावयास नको. त्याच वाटेवर कार्ले आहे, रेल्वेपलीकडे भाजें आहे. भाज्याचीं लेणीं ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत कोरावयास आरंभ झाला. भिक्षु वर्षभर फिरत आणि पावसाळा एका ठिकाणीं काढीत. ज्यांनीं त्यांच्यासाठीं डोंगर कोरला, त्यांनीं निजण्यासाठीं दगडी ओटे केले तसेंच प्रत्येक विहाराजवळ पाण्याचें टाकेंही खोदलें. याचें कारण या मुलखाच्या घडणींत आहे. लोणावळ्यास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु खालचा काळा पाषाण पाणी फारसें मुरूं देत नाहीं. आश्विनांत ओढे खळखळतात आणि पौषांत त्यांत गोटे उरतात. म्हणून हिवाळ्यांत डोंगरावर पाणी मिळावयाचें तें कोणी तरी पूर्वीं खोदून, जपून ठेवलें असेल तरच. पुढें नाना फडणिसांनीं लोहगडावर तळें बांधविलें, तें याच ज्ञानानें.

पण पाणी झालें; अन्नाचें काय? कार्ल्याच्या चैत्यगृहांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठीं त्यानें करजिक नांवाचें गांव लावून दिलें. पुढें राज्य पालटलें, सातवाहन आले. त्यांनीं तें दान चालविलें आणि तसा हुकूम 'मामाल' येथील अमात्यास पाठविला. हा मामाल म्हणजेच आपला मावळ, असें अभ्यासक मानतात. मला या लेखाचें मोठें कौतुक वाटतें. सर्वसंगपरित्याग केलेल्या विरक्तांचा मुक्काम, परंतु त्याच्याही मुळाशीं एका गांवाचें नांव लिहिलेलें आहे!

एवढें सांगून मी थांबलों असतों, तर विद्वत्तेचा आव आणल्यासारखें झालें असतें. म्हणून माझीही एक चूक सांगतों.

१९९४ च्या डिसेंबरांत मी बत्तीस मुलांना घेऊन राजमाचीस निघालों. यादी मींच केली होती. पांघरुणें मोजलेलीं, डाळ-तांदूळ तोललेले, औषधांची पेटी घेतलेली. उधेवाडीस आधीं निरोप धाडावा, हें मात्र मला सुचलें नाहीं. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून जाणारी ती वाट सुमारें सोळा किलोमीटरांची. आम्ही जेवून निघालों, वाटेंत एका मुलाचा पाय मुरगळला आणि हिवाळ्याचा दिवस पाहतां पाहतां मावळला. गांवांत शिरलों तेव्हां रात्रीचे दहा वाजले होते. मुलें काकडलेलीं, शिधा पाठीवर, पण तो रांधण्याचें त्राण कोणांत नाहीं. एका घरानें आम्हांला ओसरी मोकळी करून दिली. शेजारच्या दोन घरांत विझलेल्या चुली पुन्हां पेटल्या. पिठलें-भाकरी खाऊन मुलें झोपलीं.

पहांटे अंधारांत मला जाग आली. घरची म्हातारी डोक्यावर दोन हंडे घेऊन बाहेर पडत होती. आम्हीं बत्तीस जणांनीं हात-पाय धुवून, पोटभर पिऊन त्या घरांचें दुसऱ्या दिवसाचें पाणी संपविलें होतें. मी ओशाळून म्हणालों, "आजी, तुम्ही बसा. मी मुलांना उठवितों." ती म्हणाली, "असूं द्या मास्तर, लेकरं निजल्याती. पर तुमी सांगावा धाडला असता, तर सांजचंच भरून ठेवलं असतं." त्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें मला अधिक लागलें. मीं मुलांना उठविलें. पुढले दोन दिवस त्या तिन्ही घरांचें पाणी आमच्या मुलांनीं भरलें. परंतु पहिल्या रात्रीचे ते दोन हंडे मला अजून दिसतात.

म्हणून, श्रोतेहो, हिवाळ्यांत मावळांत जाणाऱ्या मंडळींस माझें सांगणें थोडकें आहे. आधीं दोघांनीं जाऊन गांव पाहून यावें, पाणी कोठलें व किती तें विचारावें, आणि गांवांतूनच भाकरी, दूध, सरपण मोल देऊन घ्यावें. लोहगडासारख्या संरक्षित गडावर सूर्यास्तानंतर राहूं नये. तो नियम आहे, आणि २०२५ त तो गड जागतिक वारशांत गणला गेल्यावर तर आपली जबाबदारी वाढलीच आहे. मुक्काम पायथ्याच्या गांवीं करावा. तंबू अगदीं पाण्याकांठीं किंवा खोलगटांत ठोकूं नये. रात्रीं गार हवा तेथेंच उतरून बसते आणि दंवानें पांघरुणें भिजतात. मार्गशीर्षापासून डोंगरावरचें गवत वाळून कोळ झालेलें असतें. एका ठिणगीनें वणवा लागून गांवची वर्षाची वैरण जाते. लेण्यांच्या व कड्यांच्या कपारींत आग्या माश्यांचीं पोळीं असतात; तेथें धूर करूं नये, आरडाओरड करूं नये. टांक्यांत हात-पाय धुवूं नयेत. दिवस असतांना पोंचावें.

यंदाची मंडळी गेल्या आठवड्यांत यादी दुरुस्त करून घेऊन आली. गाण्याचें यंत्र खोडलेलें होतें. पहिल्याच ओळींत लोहगडवाडीचें नांव होतें आणि त्यापुढें लिहिलें होतें, 'येत्या रविवारीं दोघे जाऊन विचारून येतील.' बाकीची यादी मीं वाचलीही नाहीं. खालीं सही करून ती परत दिली.