पाऊस चुकला, हप्ता चुकला नाही : बनारस प्रांतातील दुष्काळ आणि शेतसारा (१७८१–१७९५)

पाठाचा उद्देश

दुष्काळाचा इतिहास वाचताना आपले लक्ष प्रथम पावसाकडे जाते. पाऊस किती पडला, पीक किती आले, माणसे किती मेली, असे प्रश्न आपण विचारतो. या पाठात तुम्हांला आणखी एक प्रश्न विचारायचा आहे : पीक बुडाल्यावर त्याचा तोटा कोणी सोसायचा, हे आधी कोणी ठरवले होते? अठराव्या शतकाच्या अखेरीचा बनारस प्रांत, म्हणजे आजचे वाराणसी आणि त्याभोवतीचे जिल्हे, हे या प्रश्नासाठी चांगले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी : वाढलेली मागणी

१७७५ मध्ये अवधच्या नवाबाने बनारसचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. राजा चेतसिंग कंपनीला दरसाल सुमारे साडेबावीस लाख रुपये देऊ लागला. १७७८ पासून युद्धखर्चासाठी आणखी पाच लाखांची मागणी सुरू झाली. ऑगस्ट १७८१ मध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज स्वतः बनारसला आला आणि त्याने राजाला शिवाला येथील वाड्यात अटकेत ठेवले. शहरात उठाव झाला, राजा निसटला आणि पुढे ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांच्या आश्रयाला गेला.

गादीवर महीपनारायण सिंग या तरुण वारसाला बसवण्यात आले. वार्षिक रक्कम आता चाळीस लाख रुपये ठरली. जमीन तीच होती, कुणबीही तेच होते. कारभारासाठी नेमलेल्या पहिल्या नायबाला बाकी थकल्यामुळे काढून टाकले गेले. त्याच्या जागी जगदेव सिंग आला. आपण कशामुळे टिकू आणि कशामुळे जाऊ, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१७८३–८४ : चालीसा

याच सुमारास उत्तर भारतात पाऊस गेला. विक्रम संवत १८४० मध्ये पडला म्हणून लोकांनी या दुष्काळाला ‘चालीसा’ असे नाव दिले. १७८४ च्या वसंतात हेस्टिंग्ज बक्सरहून बनारसमार्गे लखनौला गेला. वाटेत रयत गाऱ्हाणी घेऊन त्याच्या मागे येत होती आणि गावेच्या गावे उजाड दिसत होती. २ एप्रिल १७८४ च्या पत्रात त्याने आपल्या सहकाऱ्यांना हे कळवले. लांबलेल्या अवर्षणाने हाल वाढले हे त्याने मान्य केले, पण मुख्य कारण सदोष आणि जुलमी कारभार असावा, असेही लिहिले. त्या कारभाराची रक्कम त्यानेच ठरवली होती, ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा.

त्याच पत्रात एक महत्त्वाचा तपशील आहे. काही शेतकऱ्यांनी विहिरीचे पाणी काढून मोठ्या कष्टाने पीक जगवले होते. त्यांचा पट्टा, म्हणजे लेखी करार, रोख रकमेचा होता. पण धान्य महाग झालेले पाहून वसुली करणाऱ्या आमिलांनी तो करार मोडला आणि रोख रकमेऐवजी पिकाचा वाटा मागितला.

हिशेब करून पाहू

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. चांगल्या वर्षी एका शेतात २० मण गहू होतो, भाव मणाला १ रुपया आणि सारा १० रुपये आहे. अशा वर्षी रोख सारा आणि निम्मी बटाई यांत फरक पडत नाही. दुष्काळी वर्षी भाव २ रुपये होतो.

- विहीर नसलेला शेतकरी : पीक ४ मण, किंमत ८ रुपये. रोख साऱ्यात सगळे पीक विकूनही २ रुपये कर्ज उरते. बटाईत निदान २ मण घरी राहतात.
- विहीर असलेला शेतकरी : पीक १६ मण. रोख साऱ्यात ५ मण विकून ११ मण राहतात. बटाईत ८ मणच राहतात, आणि आमिलाला १० ऐवजी १६ रुपयांचे धान्य मिळते.

थोडक्यात, पहिल्याला रोख सारा मारक आहे, तर दुसऱ्याला बटाई. कोणाकडून काय घ्यायचे हे आमिल ठरवू लागला की तोट्याचे वर्ष शेतकऱ्याचे आणि तेजीचे वर्ष आमिलाचे होते. विहीर खणण्याचा, रात्रंदिवस मोट ओढण्याचा मोबदलाही मग शेतकऱ्याच्या हाती राहत नाही.

हप्त्याची तारीखही महत्त्वाची होती. आमिलाला ठरल्या वेळी पैसे भरावे लागत. बनारसचे महाजन त्याला जामीन राहत, हुंडीने पैसे पोचवत आणि व्याज लावत. ते व्याज खाली उतरत शेवटी खळ्यावर येई. त्याच काळात सरकारने पाटण्याला गोलघर हे प्रचंड कोठार बांधायला काढले. ते १७८६ मध्ये पूर्ण झाले. दुष्काळावरचा हा उपाय धान्य साठवण्यापुरता होता. हप्त्याला त्याने हात लावला नाही.

डंकनच्या सुधारणा आणि कायमधारा

१७८७ मध्ये जोनाथन डंकन बनारसचा रेसिडेंट झाला. त्याने लेखी पट्ट्यांवर भर दिला आणि १७७९–८० (फसली ११८७) च्या दरांचा आधार घेऊन नंतर लादलेले जादा कर, म्हणजे अबवाब, काढून टाकण्याचा प्रयत्न केला. करार मोडण्याची सोय त्यामुळे कमी झाली. १७९५ मध्ये येथे कायमधारा पद्धत लागू झाली आणि सरकारची मागणी कायमची ठरली.

याची दोन फळे दिसतात. भाव वाढत गेले तसा ठरीव रकमेचा भार दीर्घकाळात हलका झाला. पण वाईट वर्षासाठी त्यात सूट नव्हती. बाकी राहिली की जमीनदारी हक्काचा लिलाव. इतिहासकार बर्नार्ड कोहन यांच्या अभ्यासानुसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातील सुमारे ४० टक्के जमिनीचे मालक बदलले. घेणाऱ्यांत महसूल खात्यातील माणसे, व्यापारी आणि सावकार ठळकपणे दिसतात. हे सगळे लिलाव दुष्काळामुळे झाले असे मात्र समजू नका. ताठर मागणीला कारभारातील फसवणुकीचीही जोड होती.

महाराष्ट्राशी तुलना

डंकन १७९५ अखेर मुंबईचा गव्हर्नर झाला. पुढे पेशवाईनंतर दख्खनमध्ये मात्र कायमधारा न येता रयतवारी आली. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात तीस वर्षांसाठी सारा ठरला आणि मुदत संपल्यावर तो जबर वाढला. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, पाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. पद्धत वेगळी असली तरी पावसाशी न जुळणारा रोख हप्ता दोन्हीकडे होता.

तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असाल तर असे पाहा : रुळांच्या सांध्यात फट ठेवली नाही तर उन्हाळ्यात रूळ वाकतो. तो वाकला याचे कारण फक्त ऊन असे आपण म्हणत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. वरील हिशेबात भाव २ ऐवजी ३ रुपये धरा. दोन्ही शेतकऱ्यांची स्थिती कशी बदलते?
२. हेस्टिंग्जच्या पत्राकडे पुरावा म्हणून पाहताना कोणती काळजी घ्याल?
३. तुमच्या गावातील पीककर्जाच्या परतफेडीची तारीख आणि पीकविम्याची भरपाई प्रत्यक्ष हातात पडण्याची वेळ शोधून काढा. दोहोंमधील महिने शेतकरी कशाच्या आधारावर काढतो?